चौथ्या प्रश्नाचं उत्तर

त्या ग्रुपवर एक नियम होता. नव्या माणसानं आधी स्वतःची ओळख लिहायची, मग बाकीचं. ओळखीसाठी चार प्रश्न दिले होते. तुम्ही कुठले, काय काम करता? गुरूंच्या वाटेवर कसे आलात? सध्या काय काय पाळता? आणि चौथा, घरच्यांना सांगितलंत का, ते काय म्हणाले?

मी ओळख लिहिली ती एका दुपारी, दुकानात बसून. माझं दुकान किन्हवलीत आहे, मोटर रिवायंडिंगचं. शेतावरच्या पंपाची मोटर जळली की लोक ती माझ्याकडे आणतात. मी आतली जळकी तार उपटून काढतो, नवी भरतो आणि वर वार्निश देतो. वार्निश वाळेपर्यंत हाताला काम नसतं. एरवी त्या वेळात मी गिऱ्हाइकांवर चिडायचं राहिलेलं चिडून घेतो, कारण मोटर कोरडी चालवून जाळतात आणि वर मलाच विचारतात, अशी कशी जळली. त्या दुपारी मात्र शटर अर्धं खाली ओढलं आणि मोबाइल घेऊन बसलो.

ग्रुपवर सगळे माझ्यासारखेच, नव्यानं शीख झालेले किंवा होऊ घातलेले. कोणी जर्मनीत, कोणी कॅनडात, कोणी विशाखापट्टणमला. हिंदी चालायची, इंग्रजीही. माझी हिंदी तालुक्याची, निम्मी मराठीच. पहिल्या प्रश्नाला मी लिहिलं, 'शहापूर तालुका, ठाणे जिल्हा, मोटर भरतो.' कॅनडातल्या एकानं लगेच विचारलं, भरतो म्हणजे पेट्रोल का? त्याला समजावता समजावता वार्निश वाळून गेलं.

दुसरं उत्तर लांबलं. आसनगावच्या पुढे, नाशिकच्या रस्त्याला एक धाबा होता. एका म्हाताऱ्या सरदारजींचा. त्यांच्या बोअरचा पंप बंद पडला म्हणून मला बोलावणं आलं. पाइप वर ओढून, मोटर सोडवून, पुन्हा आत सोडेपर्यंत दोन वाजले. सकाळपासून मागच्या खोलीत त्यांचा गुरुबाणीचा पाठ चालला होता, हळू आवाजात. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण काम करताना बरं वाटत होतं, एवढं खरं. मग त्यांनी ट्रक ड्रायव्हरांच्या पंगतीला मला बसवलं. जेवण झाल्यावर मी ताट उचलायला गेलो, तर त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः घासलं. सत्तरीच्या पलीकडचा मालक, आणि मी ग्रीसनं माखलेला मेकॅनिक. आमच्या गावात असं ताट कोणी उचललं असतं तर लोकांनी त्याला दवाखान्यात नेलं असतं. मी म्हटलं, बाबाजी, हे काय? ते म्हणाले, पंप तुम ने ठीक किया, थाली मैं ने. हिसाब बराबर.

या गोष्टीवरून कोणी धर्म बदलतं का, असं ग्रुपवर कोणी विचारलं नाही, पण मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. ताटावरून नसेलच. मी पुन्हा गेलो, मग दर आठवड्याला जायला लागलो. बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर त्यांनी मला गुरुमुखी अक्षरं शिकवली. अडतिसाव्या वर्षी मी बालवाडीत बसलो आणि मला ते आवडलं. लग्न जमत नव्हतं, गावात बरोबरीच्या सगळ्यांची पोरं शाळेत जात होती, आणि मी जिथं जाईन तिथं लोक पहिला प्रश्न एकच विचारायचे. बाबाजींनी तो कधी विचारला नाही. त्यांच्या शेजारी बसलं की मी कोणाचा तरी लग्नाचा राहिलेला पोरगा नव्हतो, नुसता माणूस होतो.

मग हायवे रुंद झाला. धाबा गेला, आणि बाबाजी पंजाबात मुलाकडे गेले. जाताना त्यांनी आपल्या हातातला लोखंडी कडा काढून मला दिला. त्यानंतर मी केस कापले नाहीत.

तिसऱ्या प्रश्नाला मी हेच लिहिलं. केस ठेवलेत, कडा घालतो, सकाळचा पाठ मोबाइलवर बघून म्हणतो. अमृत, म्हणजे दीक्षा, अजून घेतलेलं नाही, तेवढी तयारी नाही. उल्हासनगरच्या गुरुद्वारात दोनदा गेलो, दोन्ही वेळा अगदी मागं भिंतीला टेकून बसलो आणि लंगर खाऊन आलो. कोणी वाईट वागलं नाही. पण सगळे एकमेकांना ओळखत होते, आणि मी चपलांच्या टोकनाशी खेळत बसलो होतो.

चौथ्या प्रश्नाशी आलो आणि थांबलो. शटरखालून रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसत होते. मग मी लिहिलं, 'हो, सांगितलं. त्यांनी आनंदानं मान्य केलं.' आणि पाठवून दिलं.

ते साफ खोटं होतं. घरात मी एक अक्षर बोललो नव्हतो. बोलायची गरजच पडली नाही, आणि त्यातच सगळा घोळ झाला. आमच्याकडे माणूस केस-दाढी वाढवायला लागला की लोक एकच धरतात, नवस बोललाय. देवाला सांगितलेलं काम झालं की देवळात जाऊन केस द्यायचे, तोवर वस्तरा लावायचा नाही. माझी दाढी गळ्याखाली आली तशी चौकात एकानं विचारलं, "नवस हाय का रे?" दुसरा म्हणाला, "लग्नाचा असंल. पन दाढी बगून पोरगीच पलून जाईल, मंग नवस कसा फिटंल?" सगळे हसले, मीही हसलो. त्या हसण्यात माझा होकार धरला गेला.

खरं सांगायचं तर मला ते सोयीचं पडलं. नवसवाल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. काका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, हा आमच्या घरातला बोलका माणूस. तोसुद्धा म्हणाला, "देवाशी बोललेला असतो तो. आपून मधी पडू नये." मी डोक्याला रुमाल बांधून हिंडायचो. मुरबाडच्या बाजारातून साडेपाच मीटर मलमल आणली, तेव्हा दुकानदारानं विचारलं, लग्नाचा फेटा का? तिथंही मी हो म्हटलं. ती पगडी मी फक्त दुकानाच्या माळ्यावर बांधायचो, सकाळच्या पाठापुरती. छोटा आरसा तुळईला टांगलेला असायचा. बांधून झाली की स्वतःकडे बघायचो, बरं वाटायचं, आणि शटर उघडायच्या आधी सोडून घडी घालून ठेवायचो.

आईनं कधी विचारलं नाही. बाबांनीही नाही. बाबा मुळातच कमी बोलणारे. भाताचं आवण टाकण्यापासून मळणीपर्यंत अख्खं वर्ष ते पन्नास वाक्यांत भागवायचे, असं काका म्हणायचा. फक्त एकदा, मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेवरून परत आले तेव्हा त्यांनी पिशवीतून एक छोटी लाकडी फणी काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "ही घे. पलास्टिकची मोडतं." मी फणी घेतली. चांगली होती, बारीक दातांची, शिसवी. शिखाच्या केसात लाकडी कंगवा असावा लागतो हे मला माहीत होतं, आणि मी स्वतःशी म्हटलं, वा, न मागता मिळाला. बाबांना काय त्याचं, जत्रेत दिसली म्हणून आणली असेल. मी एवढाच विचार केला.

ग्रुपवर माझ्या ओळखीखाली पुष्कळ लोकांनी लिहिलं. भाऊ म्हणाले, स्वागत केलं. जर्मनीतल्या एका बाईनं लिहिलं की तिच्या आईनं तीन वर्षं फोन उचललेला नाही, आणि तुमच्यासारखं घर नशिबानं मिळतं, तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा. तो नमस्कार मी दोनदा वाचला. मग मोबाइल पालथा घातला आणि पुढची मोटर उघडली. दर रविवारी सकाळी सगळे व्हिडिओवर एकत्र पाठ म्हणायचे. आवाज बंद ठेवायचा नियम होता, नाहीतर शंभर जणांचा गोंधळ झाला असता. चौकटीत ओठ हलताना दिसायचे. मी माळ्यावर बसून त्यांच्याबरोबर ओठ हलवायचो. ती माझी माणसं होती, आणि त्यांच्यापैकी एकाचाही आवाज मी ऐकलेला नव्हता. दोन्हीकडे मी दुसराच कोणीतरी होतो. गावात नवसवाला, आणि तिथं भाग्यवान घरातला.

भादव्यात बाबांना दम लागायला लागला. शहापूरला दाखवलं, मग कल्याणला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. शेवटचे आठ-दहा दिवस ते ओटीवरच्या खाटेवर होते. मी दुकान बंद ठेवून त्यांच्याजवळ बसायचो. एका संध्याकाळी आई चुलीपाशी होती, आणि बाबा माझ्याकडे बघत होते. पुष्कळ वेळ बघत होते. मग म्हणाले, "काय सांगायचा हाय का रे तुला?"

मला वाटलं, शेताचं काहीतरी म्हणत असतील, कापणीला माणसं मिळतील का, काका बांध कोरील का. मी म्हटलं, "नाय बाबा, काय नाय. तुमी आराम करा."

ते म्हणाले, "बरा." आणि कूस बदलली.

चौथ्या दिवशी ते गेले.

अग्नी मीच दिला. एकुलता एक. स्मशानातच कोणीतरी माझ्या डोक्याकडे बघितलं, तर काका म्हणाला, दहाव्याला बघू. मला दहा दिवस मिळाले. आमच्यात बाप गेला की मुलगा दहाव्याला नदीवर डोकं, दाढी, मिशा सगळं काढतो. त्यात बोलण्यासारखं काही नसतं. ग्रुपवर मी बाबा गेल्याचं कळवलं, लोकांनी अरदास, म्हणजे प्रार्थना, केली. पण केसांचं विचारायला गेलो असतो तर कोणीतरी म्हणालं असतं, तुमच्या घरच्यांना तर सगळं माहीत आहे ना, मग अडचण काय? म्हणून मी विचारलं नाही.

दहाव्याच्या सकाळी नदीवर साठ-सत्तर माणसं होती. भटजी आले होते. न्हावी दगडावर फडकं पसरून बसला होता. तो लहानपणापासून माझे केस कापणारा. त्यानं मला हाक मारली, तर मी जागचा हललो नाही. म्हटलं, मी केस काढणार नाही. का, ते सांगितलं नाही. काकाचा चेहरा उतरला, पण तो चारचौघांत भांडला नाही. "नवस हाय त्याचा," तो भटजींना म्हणाला. भटजी समजूतदार. म्हणाले, नखं काढा, चार केस तोडून टाका, भागेल. चार केससुद्धा मी दिले नाहीत. नखं काढली.

पिंड ठेवले. सगळे मागं सरकून उभे राहिले आणि कावळ्याची वाट बघायला लागले. कावळा पिंडाला शिवला म्हणजे गेलेल्याचा जीव कशात अडकलेला नाही. झाडावर कावळे होते, चांगले सात-आठ. खाली कोणी येईना.

काका पुढे झाला, हात जोडून मोठ्यानं बोलला, "दादा, वयनीला आमी सांबालू." कावळे जागचे हलले नाहीत. "दादा, पोराचा लगीन मी करून देतंव." मागून कोणीतरी खाकरलं. "बांधाचा बोललो व्हतो ना, तो बांध तुझाच." हे काकाला नक्कीच जड गेलं असणार. तरी कावळा आला नाही. ऊन वर चढत चाललं. मुलं उपाशी होती, माणसं मोबाइलमध्ये वेळ बघत होती. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ, शास्त्राला चालतं. शास्त्राला चालत असेल, आमच्या लोकांना चालत नाही. पुढं वर्षभर त्या घराकडे बोट दाखवून बोलतात.

मग सगळे हळूहळू माझ्याकडे बघायला लागले. काका जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "दादाचा काय तरी राहिलाय. तुझ्या नवसाचाच असंल. लगीन नाय तर नाय, पन तू इथंच फेड रे. तुझी आई घरी तोंडात पानी न घेता बसलीय."

त्या वेळी मला सांगता आलं असतं. काका, हा नवस नाही. मी शीख झालोय. एवढी दोन वाक्यं. मी तोंड उघडलंही. पण साठ-सत्तर माणसांच्या पुढे, बापाच्या पिंडासमोर, पहिल्यांदाच आपण कोण ते सांगायचं? इतक्या दिवसांच्या हसण्याचं काय सांगणार होतो मी? मी हात जोडले आणि म्हणालो, "बाबा, केस देतो."

कावळा आला. लगेच आला म्हणतात लोक. मला आठवतं ते असं की मी मान वर केली तेव्हा तो पिंडावर होता. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. काका रडायला लागला. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, शाब्बास म्हणून. मी न्हाव्यापुढे जाऊन बसलो. त्यानं विचारलं, "पानी थंड लागंल, चालंल ना?" दीड वर्षाचे केस दगडावर पडले. मी ते बघितले नाहीत, समोर नदीकडे बघत राहिलो. शेवटी मिशा गेल्या तेव्हा वरच्या ओठाला वारा लागला, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. लोकांना वाटलं, बापासाठी. तेही होतंच.

त्यानंतर तीन रविवार मी व्हिडिओ बंद ठेवून पाठाला बसलो. माझ्या चौकटीत नुसतं नाव. माळ्यावर आरसा तसाच तुळईला होता, मी त्याला पाठ करून बसायचो. मलमलीची घडी उघडली नाही. कशावर बांधणार? गावात मात्र मी एकदम चांगला माणूस झालो होतो. चौकात लोक आपणहून बोलवायचे. चहा पाजायचे. "बापासाठी केला त्यानं," असं एकमेकांना सांगायचे. नवस फिटला म्हणून एकानं शहापूरकडचं एक स्थळसुद्धा सुचवलं. इतकी माणसं आजूबाजूला असताना मी इतका एकटा कधीच नव्हतो. चिडावं तर कोणावर? कोणीच काही वाईट केलं नव्हतं.

चौथ्या रविवारी मी ग्रुपवर लिहिलं. लपवायचं ते सगळं लपवून कंटाळलो होतो. लिहिलं की वडिलांच्या दहाव्याला मी केस काढले. कोणी हात धरला नव्हता, मीच हो म्हटलं. घरी सांगितलंय असं ओळखीत लिहिलं होतं तेही खोटं. तुम्ही म्हणाल तर ग्रुप सोडतो.

मग एकानं लिहिलं, फार वाईट केलंत. ते मला पटलं. दोघातिघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. जर्मनीतली बाई काहीच बोलली नाही, आणि मला तिचंच जास्त लागलं. तिनं माझ्या घराचा हेवा केला होता. ग्रुप चालवणाऱ्या बाई होत्या, सगळे त्यांना बीबीजी म्हणायचे. त्यांनी मला वेगळा निरोप पाठवला. उपदेश नाही, सांत्वन नाही. दोनच ओळी होत्या. केस उगवतात, त्याचं तुम्हाला करण्यासारखं काही नाही, वाट बघा. चौथं उत्तर मात्र आपोआप बदलत नाही. तुमची ओळख अजून तिथंच आहे, ती दुरुस्त करा.

मी ती ओळख उघडली. 'आनंदानं मान्य केलं.' ते खोडून 'नाही' लिहिलं की झालं असतं. बोट ठेवलंही. पण 'नाही' लिहिलं की मी तिथंच थांबणार, घरी कधीच सांगणार नाही, हे मला दिसत होतं. मी उठलो, शटर ओढलं आणि भर दुपारी घरी गेलो.

आई ओटीवर बसून पावटे सोलत होती. बाबांची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. मी तिच्यासमोर बसलो. डोक्यावर नखाएवढे केस आले होते, त्यावरून हात फिरवत राहिलो.

म्हटलं, "आई, तो नवस नव्हता."

ती म्हणाली, "म्हायती हाय."

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. म्हणून मी सगळं सांगितलं, धाबा, बाबाजी, पाठ, पगडी. ती सोलत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "नवसाचे केस कोन एवढे इंचरतं रे? दोन टायमाला फनी. नवसवाला तर हात बी लावत नाय केसांना. मी काय आंधली हाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललास?"

तिनं टरफलं बाजूला सारली. मग म्हणाली, "तुझा बापूस गेलता त्या हायवेच्या हाटेलात."

"कधी?"

"तू दर आठवड्याला जायचास तवा. दारूबिरू पितंस का काय, म्हनून बगाया गेलता. त्या म्हाताऱ्यानं बसवला त्याला, जेवाया घातला. सगला सांगला त्यानं. घरी आला नि मला बोलला, वाईट काय नाय करीत पोरगा. आपून इचारायचा नाय. सांगंल तो."

ओटीवर ऊन आलं होतं. शेजारच्या खळ्यात कोणीतरी भात झोडपत होतं, त्याचा आवाज एकसारखा येत होता.

"मंग म्हशाला गेला जत्रंला," आई म्हणाली, "तर दिसभर ती फनी शोधीत हिंडला. लाकडाचीच पायजे म्हनं. त्या म्हाताऱ्यानं सांगला व्हता, त्या लोकांना लाकडाची लागतं." तिनं पुढची शेंग उचलली. "आनून दिली तवा त्याला वाटला, आता तू बोलशील."

खाटेवरचा तो प्रश्न मला आठवला, आणि मी दिलेलं उत्तर आठवलं. काय नाय बाबा, तुमी आराम करा. त्यावर ते 'बरा' म्हणाले होते.

मी आईला तो प्रश्न सांगितला नाही. तिला ठाऊक असावं. तिनं पावट्याच्या शेंगांनी भरलेलं सूप माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "सोल. ती फनी कुठं ठेवलीस? नीट ठेव. लागंल परत."

फणी माळ्यावर होती, मलमलीच्या घडीत. संध्याकाळी दुकानात जाऊन मी ती खिशात घातली. घडी उघडली आणि नखाएवढ्या केसांवर पगडी बांधली. सैल बसली. तशीच ठेवून खाली आलो, शटर पूर्ण वर केलं आणि दारात स्टूल टाकून बसलो. समोरून जाणारा एकजण थांबला, बघत राहिला, मग म्हणाला, "काय रे, आता कसला नवस?"

म्हटलं, "नवस नाय. मी शीख झालोय." तो "अस्सा?" म्हणाला आणि गेला. उद्यापर्यंत गावभर होणार होतं. काकाला तर त्याआधीच कळणार होतं, आणि तो मुकाट बसणारा नव्हता.

मग मोबाइल काढून ओळख उघडली. वरची तिन्ही उत्तरं तशीच ठेवली. चौथ्यातलं जुनं सगळं खोडलं आणि लिहिलं, 'आईला आज सांगितलं. वडिलांना सांगायचं राहिलं.'